एकानं काय होतंय!

आमच्या आणि माईंच्या घरामध्ये छातीएवढी भिंत आहे. अलीकडे माझी कपड्यांची दोरी, पलीकडे त्यांची तगर. सकाळी आठच्या सुमाराला त्या परडी घेऊन फुलं काढायला येतात, मी पिळे झटकत दोरीशी येते, आणि आमच्या विश्रामबागेत आदल्या दिवशी जे काही घडलं असेल त्याची रीतसर देवघेव होते. कुणाच्या बोअरला पाणी लागलं नाही, कुणाचा जावई रुसून परत गेला, कुणाकडे नवीन सोफा आला आणि तो दारातून आत जाईना. सांगलीत वर्तमानपत्र उशिरा आलं तरी आमचं काही अडत नाही.

नऊ वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मी एक चूक केली. म्हटलं, "माई, काल रिपोर्ट आला. डायबिटीस निघाला."

दुपारपर्यंत गल्लीभर झालं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे दूधवाल्यानं विचारलं, "ताई, उद्यापासून अर्धा लिटर कमी करू का?"

तेव्हा सुरू झालेले प्रश्न अजून संपलेले नाहीत. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "गोड फार खात होतीस काय गं?" विचारतात अशा सुरात, की जणू मी रात्री उठून साखरेचा डबा चाटत होते. खरं सांगायचं तर मला गोडाचं फारसं नाहीच. माझा जीव भडंगात आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या आमटीभातात. शिवाय आईला शुगर, मामाला शुगर, आणि बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बूड हलवायचं नाही ही नोकरीची अट. पण हे सगळं सांगायला लागलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. त्याला हवा असतो गुन्हा, आणि मी सांगत बसते खानदान.

मला जे डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. साखर दाराशी येऊन उभी असते, इन्शुलिन बेल वाजवत असतं, आणि आत पेशी टीव्हीचा आवाज मोठा करून बसलेल्या. दार उघडत नाही. मग साखर बसते पायरीवर, म्हणजे रक्तात. पायरीवर बसणाऱ्यांची संख्या वाढली की गल्लीची काय अवस्था होते, हे आमच्या गल्लीला वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रश्न मात्र मला आवडतो, कारण त्याला माझ्याकडे फक्कड उत्तर आहे. "पण तू तर काडीसारखी! तुला कसा झाला?" पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे उंचीच्या मानानं वजन सारखंच. पण अंगातली चरबी मोजली तर गोऱ्या साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. आपण भारतीय वरून बारीक आणि आतून लठ्ठ, असं त्या एका फोटोनं सांगितलं. हे मी माईंना सांगितलं तेव्हा त्यांनी परडी भिंतीवर ठेवली आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "म्हणजे तुझ्यात लपलीय म्हण की," एवढं बोलून त्या फुलांकडे वळल्या.

माईंचं वय अडुसष्ट. मायाळू बाई, पण माया करायची पद्धत अशी, की समोरच्यानं खाल्लंच पाहिजे. "एकानं काय होतंय!" हे त्यांचं ब्रीदवाक्य. एका मोदकानं काय होतंय, अर्ध्या पुरणपोळीनं काय होतंय, तासगावचे चार बेदाणे तोंडात टाकलेस तर आभाळ कोसळतंय काय? एकानं खरंच काही होत नाही हो. पण एक त्यांचा असतो, एक कोपऱ्यावरच्या वहिनींचा, एक बँकेत कुणाला नातू झाला त्याचा, आणि एक सत्यनारायणाचा. प्रसादाचं तर बोलायलाच नको. रवा, तूप, साखर सगळं सव्वा मापानं, आणि प्रसादाला नाही म्हणायचं नाही. तिथं मी चिमूटभर तळहातावर घेते, डोळ्यांना लावते, खाते, आणि उरलेली वाटी सरळ आमच्या ह्यांच्या हातात देते. देवाचा मान राहतो आणि ह्यांची काही तक्रार नसते.

गुळाची एक वेगळीच कथा. साखर बंद म्हटलं की लोकांचा चेहरा खुलतो, "मग गुळाचा चहा घे की!" जसा काही गूळ आपल्या माहेरचा आणि साखर परक्याची. आमच्या भागात दोन्ही एकाच उसातून निघतात, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. गुळात थोडं लोह असेल, खनिजं असतील, पण रक्तात गेल्यावर ग्लुकोमीटर काही रंग बघत नाही. मधाचंही तेच. एकदा मी एका बाईंना हे समजवायला गेले, तर त्या म्हणाल्या, "पण आमचा गूळ सेंद्रिय आहे." तिथं मी हात जोडले.

औषधं सांगणारे तर किती सांगावेत. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, रात्री भिजवलेली मेथी, कडुनिंबाची पानं. मेथी मी खाते, चांगलीच असते, तिच्यातल्या तंतूंमुळे साखर सावकाश चढते. पण ती गोळीची जागा घेत नाही. "इंग्लिश गोळ्या कशाला, झाडपाल्याचं घे" असं कुणी म्हणालं की मी विचारते, माझी मेटफॉर्मिन कुठून आली माहीत आहे का? युरोपात गॅलेगा नावाचं जांभळ्या फुलांचं एक रोपटं आहे. त्यातल्या द्रव्याचा माग काढत काढत ती गोळी झाली, आणि १९५७ साली फ्रान्समध्ये ती मधुमेहावर वापरल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे मी रोज जेवणानंतर झाडपाल्याचीच नात गिळते. फक्त तिला माप आहे.

आणि २०१८च्या आसपासचे ते दिवस आठवतात? लग्नात पंगतीला बसलं की शेजारचा माणूस आधी विचारायचा, "तुम्ही दीक्षित की दिवेकर?" डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे दोनदाच जेवणारे एका बाजूला, ऋजुता दिवेकरांचे थोडं थोडं वारंवार खाणारे दुसऱ्या बाजूला. भाऊभाऊ वेगळे जेवायला लागले होते. आमच्या गल्लीत तर दोन पार्ट्या पडल्या आणि दोघींनाही मी सभासद म्हणून हवी होते, कारण मी अधिकृत पेशंट. कुणाचा आहार चांगला यावर मी बोलणार नाही. ज्यांना मानवतो त्यांना मानवो. मी एवढंच म्हणत होते, की ज्याच्या गोळीनं साखर खाली येते त्यानं डॉक्टरला न विचारता जेवण टाळू नये. पण वादात असली फुसकी वाक्यं कोण ऐकतो?

एक गोष्ट मात्र मला झोंबते. आमच्या समोरच्या भाऊजींनाही शुगर आहे. त्यांना कुणी काही विचारत नाही, विचारतात ते त्यांच्या बायकोला. "वहिनी, तुम्ही लक्ष देत नाही वाटतं?" आणि मला शुगर झाली तर विचारतात, "मग आता ह्यांच्या जेवणाचं कसं हो? त्यांनासुद्धा तुझं फिकं खावं लागतं?" म्हणजे नवऱ्याची शुगर बायकोनं वाढवली आणि बायकोच्या शुगरचा त्रास नवऱ्याला. आमचे हे बापडे खाली मान घालून कोशिंबीर चावत असतात, तेव्हा पाहुण्यांना त्यांची जी दया येते, ती बघून कोशिंबीर मलाच घशाखाली उतरत नाही.

या सगळ्या प्रश्नांना उत्तर कसं द्यायचं, हे मला शिकवलं ते कोपऱ्यावरच्या घरातल्या पोरीनं. एकोणीस वर्षांची आहे, इंजिनिअरिंगला. तिला अकराव्या वर्षी टाइप वन झाला. माझ्या पेशी दार उघडत नाहीत. तिच्याकडे बेल वाजवणारंच कुणी उरलेलं नाही. शरीराच्या रखवालदारांनीच चोर समजून इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या. यात गोड खाण्याचा संबंध नाही, आईबापाच्या लाडाचा नाही. तरी तिच्या आईला आठ वर्षं लोक विचारतात, "लहानपणी चॉकलेटं फार दिलीत का?"

पोरगी मात्र खमकी. दंडावर तिनं रुपयाएवढा सेन्सर चिकटवलेला असतो, त्यातून साखरेचा आकडा मोबाईलवर येतो. लहान पोरांनी विचारलं की बसून सगळं दाखवते. मोठ्यांनी नुसतं टक लावून बघितलं की म्हणते, "रिचार्ज संपलाय, चार्जिंग चालू आहे." एका आजींनी तिला हळहळत सांगितलं, "इन्शुलिन म्हणजे शेवटची पायरी गं बाळा." ही म्हणाली, "आजी, माझी ती पहिलीच पायरी होती. १९२२च्या आधी जन्मले असते ना, तर हे बोलायला तुम्हाला मी भेटलेच नसते." खरं आहे ते. त्या वर्षीच्या जानेवारीत टोरांटोमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं. त्याआधी अशी पोरं हातची जात होती.

"लग्नाचं कसं?" हा प्रश्न तर तिला आठवड्याला एकदा येतो. ती विचारते, "स्थळ आहे का तुमच्याकडे? असेल तर आधी त्याचे रिपोर्ट दाखवा." क्रिकेटवाल्या काकांसाठी तिच्याकडे वसीम अक्रम आहे. त्याला १९९७ साली डायबिटीस निघाला आणि १९९९च्या वर्ल्डकपच्या फायनलला कप्तान तोच होता. "काका मग अर्धा तास यॉर्करवर बोलतात," ती मला म्हणाली, "आणि मी सुटते."

तिचा एक नियम मी उचललाय. पहिला प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून त्याला थट्टेवारी न्यायचं. खरं उत्तर द्यायचं ते दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला. पहिला प्रश्न विचारून जो लगेच आपल्या मावसभावाचा पाय कसा कापावा लागला ते सांगतो, त्याला काही जाणून घ्यायचं नसतंच. आणि जो म्हणतो, "बरं, मग तुझ्यासाठी चहा कसा करू?", तो आपला माणूस. नऊ वर्षांत मला असे चहावाले किती भेटले? बोटावर मोजण्याइतके.

आता यंदाच्या चैत्रातलं सांगते, कारण खरी गंमत तीच.

दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. सुट्टी म्हणजे घरात दुप्पट काम. पाहुणे येऊन गेले, धुणं, निवडणं, दुपारचं जेवण दोन घासांवर उरकलं. गोळी मात्र वेळेवर घेतली. माझ्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे. ते पोटात अन्न आहे की नाही बघत नाही, साखर खाली ओढत राहतं. साडेपाचला गल्लीतल्याच एका घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. ऊन अजून भिंतींवर होतं. गौर झोपाळ्यात, पुढे कलिंगडाचं कमळ, पातेल्यात आंब्याची डाळ, आणि पितळी घंगाळात बर्फ घातलेलं पन्हं.

कुंकू लावून घेतलं आणि हात थरथरायला लागले. आधी वाटलं, उकाडा. मग मानेवरून गार घाम उतरला, ओठांभोवती मुंग्या, आणि समोरच्या बायकांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे. मला कळत होतं, साखर उतरलीय. बोलायला गेले तर तोंडातून नुसतं "पन्हं" निघालं.

झालं. पेला माझ्या हातात येत होता तो वरच्या वर थांबला. "अगं, तिला नको, गूळ आहे त्यात!" "शुगर आहे तिला!" "वाढली असणार, चेहरा बघ कसा झालाय." "साधं पाणी द्या." "पाण्यात लिंबू पिळा, साखर नको." "माझ्या नणंदेला असंच झालं होतं..." नऊ वर्षं मला एकानं काय होतंय म्हणणाऱ्या सगळ्या जणी त्या दिवशी एकदम डॉक्टर झाल्या. पेला माझ्यापासून हातभर लांब, आणि तो धरून माई उभ्या. डोळ्यांत पाणी, पण पेला घट्ट धरलेला. जन्मात पहिल्यांदाच त्या मला गोड देत नव्हत्या!

कोपऱ्यावरची पोरगी तेवढ्यात आईबरोबर आत आली. तिनं माझा चेहरा बघितला, पर्समधून ग्लुकोमीटर काढला, बोटाला टोचलं. ५८. सत्तरच्या खाली गेलं की धोका. तिनं माईंच्या हातातून पेला काढून घेतला आणि माझ्या तोंडाला लावला. "सावकाश, काकू. सगळं प्या." बायका हबकून बघत होत्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ८९. मग तिनं वाटीभर डाळ आणि भिजवलेले हरभरे खायला लावले, म्हणजे आकडा पुन्हा घसरू नये. माझ्या ओटीतले हरभरे मी तिथंच संपवले. असं हळदीकुंकू कुणी बघितलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी माई भिंतीशी माझ्याआधी येऊन उभ्या होत्या. परडी रिकामीच. फुलांना हात लावला नव्हता. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम म्हणाल्या, "तुझी साखर उतरली तर मी काय करायचं, ते एकदा नीट सांग. मी लिहून घेते."

नऊ वर्षांनी दुसरा प्रश्न आला.

मी सांगितलं. शुद्धीवर असेन तर तीन चमचे साखर पाण्यात, किंवा गूळ, किंवा पन्हं. जे हाताला लागेल ते, पण लगेच. पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच. मग पोळी, भाकरी काहीतरी खायला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ठसका लागून श्वास कोंडेल. ह्यांना हाक मारायची आणि गाडी काढून थेट दवाखाना. आणि कळत नसेल साखर वाढली की उतरली, तरी साखरच द्यायची. वाढलेली असेल तर थोडी आणखी वाढेल, पण उतरलेली असेल आणि दिली नाही तर मी जाईन. माईंनी ते मार्चच्या कालनिर्णयच्या फाडलेल्या पानामागं पेन्सिलीनं उतरवलं. खाली दोन रेघा मारल्या.

पान घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवलं, तरी त्या जाईनात. तगरीचं एक पान तोडून त्याचे तुकडे करत राहिल्या.

"ते यंत्र," त्या म्हणाल्या, "एकदा माझ्या बोटाला लावून बघशील?"

मी आत जाऊन ग्लुकोमीटर आणला, नवीन सुई लावली. भिंतीवरून त्यांनी हात पुढे केला. बोटाला हळदीचा पिवळा डाग होता, तो आधी धुवायला लावला. टिपका आला, पट्टीनं ओढून घेतला, पाच सेकंद. चहा आणि दोन बिस्किटं होऊन दोन तास झाले होते. २१२.

आम्ही दोघीही आकड्याकडे बघत राहिलो. यंत्रावरच्या एका आकड्यानं काही ठरत नाही, लॅबमध्ये तपासावं लागतं, उपाशीपोटीची बघायची, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी बघायची, हे सगळं मला ठाऊक आहे. घाबरू नका म्हणायचं, देशात २०२३च्या आयसीएमआरच्या पाहणीत असे १०.१ कोटी निघालेत, तुम्ही काही एकट्या नाही, हेही ठाऊक आहे. नऊ वर्षं लोकांनी मला काय काय विचारायला नको होतं, त्याची तर यादीच माझ्याकडे पाठ आहे.

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "माई, गोड फार होतं का हो तुमचं?"

जीभ चावली, पण शब्द गेला होता. माईंनी माझ्याकडे बघितलं. मग इतक्या मोठ्यानं हसल्या की समोरचे भाऊजी पेपर खाली करून बघायला लागले. "घे," त्या म्हणाल्या, "आता तूसुद्धा विचार. खानदानाचं पण विचारून घे."

उद्या सकाळी साडेसातला आम्ही दोघी लॅबला चाललोय, उपाशीपोटी. तिथून येताना कोपऱ्यावर बिनसाखरेचा चहा घेणार. हे मी तुम्हाला सांगितलं ते त्यांना विचारूनच, फक्त नाव काढायचं नाही या अटीवर. गल्लीत कुणी विचारलं, तर दोघी भाजीला गेल्यात म्हणून सांगा.